रमीचा हात माहजोंगला चालत नाही : अमेरिकन माहजोंग शिकताना हमखास होणाऱ्या चुका

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहायला जाणारे आई-वडील आता बेळगाव, पणजी, वडोदरा, इंदूर, हैदराबाद अशा सगळीकडच्या मराठी घरांतून आहेत. पहिले पंधरा दिवस फिरण्यात जातात. मग मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, आणि गाडीशिवाय कुठे जायची सोय नाही. दिवस खायला उठतो. अशा वेळी जवळच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रात ठरलेल्या वारी चार-चार जणी टेबलाभोवती बसून सोंगट्यांचा एक खेळ खेळताना दिसतात. नवीन माणसालाही ‘या, बसा’ म्हणतात. तो खेळ म्हणजे अमेरिकन माहजोंग.

रमी येणाऱ्याला हा खेळ पाहताक्षणी ओळखीचा वाटतो. हातात तेरा सोंगट्या, चौदावी उचलायची, नको ती टाकायची, शिवाय जोकर. ‘ही तर आपली रमीच’ असं म्हणून माणूस बसतो आणि पहिल्या तासातच अडकतो. नवख्यांच्या बहुतेक चुका नियम अवघड असल्यामुळे होत नाहीत, हाताला लागलेल्या रमीच्या सवयीमुळे होतात. त्याची किंमतही मोजावी लागते. एक चुकीची मांडणी झाली की तुमचा हात ‘बाद’ ठरतो, उरलेला डाव नुसतं बघत बसावं लागतं आणि जिंकणाऱ्याला पैसे मात्र द्यावेच लागतात. त्यामुळे रमीची कोणती सवय कुठे आडवी येते, हे आधीच समजून घेतलेलं बरं.

हा खेळ नेमका कोणता?

मोबाईलवर सारख्या चित्रांच्या जोड्या काढून टाकण्याचा जो खेळ ‘माहजोंग’ नावाने मिळतो, त्याचा याच्याशी संबंध फक्त सोंगट्यांच्या चित्रांपुरता. तो एकट्याने खेळायचा खेळ आहे. खरा माहजोंग चिनी असून तो चौघांनी खेळतात. जोसेफ पार्क बॅबकॉक या चीनमध्ये नोकरीला असलेल्या अमेरिकन माणसाने १९२० मध्ये त्याचे सोपे केलेले नियम इंग्रजीत छापले. पुढच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत या खेळाचं अक्षरशः वेड पसरलं. पण घरोघरी नियम वेगळे होऊ लागले, तेव्हा १९३७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काही महिलांनी एकत्र येऊन नॅशनल माहजोंग लीग स्थापन केली. अमेरिकन पद्धतीचे नियम आजही प्रामुख्याने या लीगचेच चालतात.

या संचात १५२ सोंगट्या असतात. पत्त्यांत जसे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, तसे इथे तीन रंग : डॉट, बॅम आणि क्रॅक. प्रत्येकात १ ते ९ आकडे, आणि प्रत्येक सोंगटी चार वेळा. म्हणजे १०८. त्याशिवाय पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण हे चार वारे, प्रत्येकी चार, म्हणजे १६. तीन ड्रॅगन, प्रत्येकी चार, म्हणजे १२. फुलं ८ आणि जोकर ८. प्रत्येक खेळाडू आपल्यासमोर १९ सोंगट्या लांब आणि दोन थर उंच अशी भिंत रचतो. चार भिंतींत मिळून सगळ्या १५२ बसतात.

सोंगट्या ओळखण्यातच पहिली फसगत होते. एक बॅमवर पक्ष्याचं चित्र असतं, ते पाहून नवखा माणूस त्याला फूल समजतो. पांढऱ्या ड्रॅगनवर बहुधा नुसती चौकट असते. त्याला टेबलावर ‘सोप’, म्हणजे साबणाची वडी, म्हणतात, आणि कार्डवर शून्य आलं की तीच सोंगटी शून्य म्हणून वापरतात. फुलांवरची चित्रं आणि आकडे वेगवेगळे असले तरी आठही फुलं सारखीच धरतात. एवढं पहिल्या दिवशी पाठ झालं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

१. कार्डाऐवजी हाताकडे पाहणे

रमीत नियमात बसेल तशी कोणतीही जुळणी चालते. अमेरिकन माहजोंगमध्ये तसं नाही. लीग दरवर्षी एक नवीन कार्ड काढते. त्यावर त्या वर्षी जिंकायला चालणाऱ्या जुळण्या ओळीने छापलेल्या असतात. तुमच्या चौदा सोंगट्या त्यातल्या एखाद्या ओळीशी तंतोतंत जुळल्या तरच डाव लागला. जवळपास जुळणं, थोडा फरक असणं, याला अर्थ नाही. मागच्या वर्षीचं कार्ड वापरून मांडलेली सुंदर जुळणीही फुकट.

कार्ड वाचतानाची सगळ्यात मोठी चूक छपाईच्या रंगांची. कार्डवर आकडे तीन शाईंत छापलेले असतात. नवखा माणूस समजतो की हिरवं म्हणजे बॅम, लाल म्हणजे क्रॅक. तसं मुळीच नाही. शाई फक्त एवढंच सांगते की किती वेगवेगळे रंग लागतील. ओळ एकाच शाईत असेल तर सगळ्या सोंगट्या एकाच रंगाच्या हव्यात, मग तो रंग कोणताही चालेल. दोन शाई असतील तर दोन रंग, तीन असतील तर तीन. ओळीशेजारी कंसात बारीक अक्षरांत अटी दिलेल्या असतात, त्याही वाचायला हव्यात.

कार्डवर एफ म्हणजे फूल आणि डी म्हणजे ड्रॅगन. ड्रॅगन आपापल्या रंगाशी बांधलेले असतात : लाल ड्रॅगन क्रॅकचा, हिरवा बॅमचा आणि सोप डॉटचा. मात्र सोप शून्य म्हणून आला की तो कुठल्याच रंगाचा नसतो.

२. सेट आणि सिक्वेन्स शोधत बसणे

रमीत बदामाची पंजी, इस्पिकची पंजी आणि किलवरची पंजी म्हणजे सेट. माहजोंगमध्ये पाच डॉट, पाच बॅम आणि पाच क्रॅक एकत्र ठेवून गट होत नाही. गटातल्या सोंगट्या आकडा आणि रंग दोन्हींनी हुबेहूब सारख्या लागतात. तीन सारख्या म्हणजे पुंग, चार म्हणजे काँग, पाच म्हणजे क्विंट. कोणताही आकडा एका रंगात चारच वेळा असतो, त्यामुळे आकड्यांचा क्विंट जोकरशिवाय होऊच शकत नाही.

तसंच, तीन-चार-पाच अशी सिक्वेन्स लागावी म्हणून दुसऱ्याने टाकलेली सोंगटी उचलता येत नाही. चिनी पद्धतीत ती सोय आहे, अमेरिकन पद्धतीत नाही. कार्डवर ‘कॉन्सेक्युटिव्ह रन’ नावाचा विभाग असतो आणि रमीवाल्यांना तो हमखास फसवतो. क्रमाने येणारे आकडे तिथे असतात, पण जोड्या, पुंग आणि काँगच्या रूपात. समजा ओळ अशी आहे : १ १ – २ २ २ – ३ ३ ३ ३ – ४ ४ ४ – ५ ५. सगळं एका रंगात. हीच ओळ पुढच्या मुद्द्यांसाठी उदाहरण म्हणून धरू.

३. जोकर कुठेही लावणे

रमीचा जोकर अडलेल्या कुठल्याही जागी बसतो. माहजोंगचा जोकर फक्त तीन किंवा त्याहून जास्त सारख्या सोंगट्यांच्या गटात चालतो. जोडीत चालत नाही, सुट्या सोंगटीच्या जागीही चालत नाही. वरच्या ओळीत २, ३ आणि ४ च्या गटांत जोकर लावता येतील. दोन्ही टोकांच्या १ १ आणि ५ ५ या जोड्या मात्र खऱ्याच सोंगट्यांनी भराव्या लागतील.

यातून एक व्यवहारी गोष्ट कळते. हातात तीन जोकर आले म्हणून डाव सोपा होत नाही. अवघड काम असतं ते जोड्यांचं. म्हणून डाव निवडताना आधी हातात कोणत्या जोड्या आहेत ते पाहावं आणि त्या जोड्या जिथे बसतात अशी ओळ शोधावी. मोठे गट जोकर आणि इतरांनी टाकलेल्या सोंगट्या यांवर भागू शकतात.

४. चार्ल्सटनमध्ये घर रिकामं करणे

वाटप झाल्यावर लगेच खेळ सुरू होत नाही. आधी ‘चार्ल्सटन’ होतं. १९२० च्या दशकात गाजलेल्या नाचावरून हे नाव पडलं आहे. प्रत्येकाने नको असलेल्या तीन सोंगट्या आधी उजवीकडे, मग समोर, मग डावीकडे द्यायच्या. ही फेरी सगळ्यांना बंधनकारक. दुसरी फेरी डावीकडे, समोर, उजवीकडे अशी होते, पण चौघांपैकी एकानेही नको म्हटलं तर ती थांबते. शेवटी समोरच्याशी आपसात ठरवून शून्य ते तीन सोंगट्यांची अदलाबदल करता येते.

इथे नवखी मंडळी दोन चुका करतात. पहिली, घाईने जोडी फोडतात किंवा अख्खी जोडीच शेजारणीला देऊन टाकतात. जोडीची किंमत वर पाहिलीच. ती स्वतः गमावणं वाईट आणि दुसऱ्याला आयती देणं त्याहून वाईट. द्यायच्याच असतील तर एकमेकींशी संबंध नसलेल्या तीन सोंगट्या द्याव्यात. दुसरी चूक, फुलं शोभेची समजून वाटून टाकणे. फुलं कार्डवरच्या बऱ्याच ओळींत लागतात, तेव्हा डाव ठरेपर्यंत ती जपावीत. आणि जोकर तर चार्ल्सटनमध्ये देताच येत नाही, तसा नियमच आहे.

डावीकडे सोंगट्या देताना आपल्याकडे तीन द्यायला नसतील तर आलेल्या सोंगट्यांतल्या एक, दोन किंवा तिन्ही न पाहता पुढे सरकवता येतात. दुसऱ्या फेरीत हीच सवलत शेवटच्या, म्हणजे उजवीकडच्या देण्यात असते. ही सोय माहीत नसल्याने पुष्कळजण चांगल्या सोंगट्या नाइलाजाने देऊन बसतात.

५. एकाच ओळीवर जीव जडवणे

वाटपातच एखादी ओळ अर्धी जुळलेली दिसली की नवखा तिच्यावर अडून बसतो. चार्ल्सटनमध्ये दुसऱ्याच सोंगट्या येत राहतात, तरी तो पहिलीच ओळ धरून ठेवतो. उलट टोकाची माणसंही असतात. त्यांना पाच ओळी एकदम हव्या असतात आणि एकही पुरी होत नाही.

मधला रस्ता असा : वाटप झाल्यावर सम आकडे जास्त की विषम, तीन-सहा-नऊ आहेत का, वारे आणि ड्रॅगन किती, आकडे लागोपाठ आहेत का, हे पाहायचं. कार्डचे विभागही साधारण याच पद्धतीने पाडलेले असतात. पहिलं चार्ल्सटन संपेपर्यंत दोन-तीन ओळींवर यायचं. प्रत्यक्ष खेळ सुरू होताना एक मुख्य आणि एक पर्यायी ओळ डोक्यात असली की पुरे. त्या दोन्ही एकाच विभागातल्या असतील तर एकीवरून दुसरीवर जाणं सोपं पडतं.

६. दिसली की उचलली

रमीत टाकलेलं पान पुढच्या खेळाडूलाच उचलता येतं आणि ते हातात लपतं. माहजोंगमध्ये टाकलेली सोंगटी चौघांपैकी कुणीही मागू शकतो, पण उचलली की तो गट रॅकवर सगळ्यांसमोर उघडा मांडावा लागतो. तो परत हातात घेता येत नाही. म्हणजे प्रत्येक उचल ही तुमच्या डावाची जाहीर घोषणा.

उचलायला अट आहे. पुंग, काँग किंवा मोठा गट त्यामुळे पुरा होत असेल तरच सोंगटी मागता येते. जोडीसाठी किंवा सुट्या सोंगटीसाठी मागता येत नाही. अपवाद एकच : त्या सोंगटीने चौदाच्या चौदा पुऱ्या होऊन डाव लागत असेल तर. आपल्या उदाहरणात कुणी दोन बॅम टाकला आणि तुमच्याकडे दोन बॅमची जोडी असेल तर तो मागता येईल. एक बॅम मात्र १ १ च्या जोडीसाठी मागता येणार नाही, ती शेवटची सोंगटी असल्याशिवाय.

कार्डवर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक्स किंवा सी छापलेलं असतं. एक्स म्हणजे उघडं मांडायला परवानगी. सी म्हणजे झाकलेला डाव. यात शेवटची सोंगटी सोडून एकही उचलता येत नाही. सी असलेल्या ओळीसाठी मध्येच उचल करणं ही नवख्यांचा हात बाद होण्याची नेहमीची वाट आहे. म्हणून तोंडातून ‘हवी’ निघण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात : ओळीपुढे एक्स आहे ना, आणि आपली ओळ खरंच ठरली आहे ना?

मागायला वेळही मर्यादित असतो. पुढच्या खेळाडूने सोंगटी उचलून आपल्या रॅकमध्ये ठेवली किंवा टाकली की संधी गेली. विचार करायचा असेल तर लगेच ‘थांबा’ म्हणावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

७. टेबलाकडे न पाहणे

नवख्याची नजर आपल्या रॅकवरच खिळलेली असते. खरं तर अर्धी माहिती टेबलावर पडलेली असते. उदाहरणातली ओळ खेळताना टेबलावर तीन एक बॅम पडलेले दिसले, तर १ १ ची जोडी आता होणारच नाही. जोकरही तिथे चालत नाही. तो डाव संपला, पर्यायी ओळीकडे वळायचं. हे लक्षात न आल्याने पुष्कळजण मेलेली जुळणी शेवटपर्यंत धरून बसतात. कोणती पानं गेली हे लक्षात ठेवण्याची रमीची सवय इथे मात्र खरोखर कामी येते.

दुसरी हुकणारी गोष्ट म्हणजे जोकरची अदलाबदल. समजा शेजारणीने तीन क्रॅक, तीन क्रॅक आणि जोकर असा गट उघडा मांडला आहे. तुमच्या पाळीला सोंगटी उचलल्यावर, टाकण्याआधी, तुमच्या हातातला तीन क्रॅक तिथे देऊन तो जोकर तुम्हाला घेता येतो. कुणाच्याही उघड्या गटातून, स्वतःच्यासुद्धा. मात्र सोंगटी तुमच्या हातातलीच हवी. टेबलावर टाकलेली सोंगटी उचलून जोकर सोडवता येत नाही. नवखा माणूस तो तीन क्रॅक बिनकामाचा म्हणून टाकून देतो आणि हातचा जोकर जातो.

८. शेवटच्या टप्प्यात बेफिकीर टाकणे

भिंत संपत आली की खेळाचा नूर बदलतो. ज्याच्या सोंगटीवर दुसऱ्याचा डाव लागतो त्याला दुप्पट पैसे द्यावे लागतात. समजा ओळीची किंमत २५ आहे, तर टाकणारा ५० देतो, बाकीचे दोघे २५-२५. जिंकणाऱ्याने शेवटची सोंगटी स्वतः भिंतीतून उचलली असेल तर तिघेही दुप्पट देतात. हे आकडे सेंटमध्ये असतात, त्यामुळे कुणाचं दिवाळं निघत नाही. तरी ‘तू दिलीस’ हे ऐकायला कुणालाच आवडत नाही.

समोरच्याने दोन-तीन गट उघडे मांडले असतील तर कार्ड उघडून ते कोणत्या ओळीत बसतात ते पाहावं. त्या ओळीत लागणारी सोंगटी टाकू नये. टेबलावर एकदाही न दिसलेली सोंगटी धोक्याची. जिच्या जातीच्या दोन-तीन आधीच पडल्या आहेत ती बरीच सुरक्षित. टाकलेला जोकर कुणालाच उचलता येत नाही, त्यामुळे अगदीच अडलं तर तोही टाकता येतो. आपला डाव तीन-चार सोंगट्या दूर असेल तर जिंकण्याचा हट्ट सोडून सांभाळून टाकत राहणं शहाणपणाचं. भिंत संपेपर्यंत कुणाचाच डाव लागला नाही तर कुणीच कुणाला काही देत नाही.

९. मोजणी, नाव आणि घाई

काही चुका डोक्याच्या नाहीत, हाताच्या आहेत. पूर्वेला बसलेल्या खेळाडूकडे सुरुवातीला १४ सोंगट्या असतात, बाकीच्यांकडे १३. पूर्व खेळाडू न उचलता पहिली सोंगटी टाकतो. वाटपानंतर एकदा आणि चार्ल्सटन संपल्यावर पुन्हा एकदा सोंगट्या मोजाव्यात. खेळ सुरू झाल्यावर एक कमी किंवा एक जास्त निघाली तर हात बाद.

सोंगटी टाकताना तिचं नाव मोठ्याने घ्यावं लागतं : ‘चार बॅम’, ‘सोप’, ‘फूल’. न बोलता टाकणं असभ्य समजलं जातं. चुकीचं नाव घेतलं आणि त्यावर कुणी डाव लागल्याचं सांगितलं तर भुर्दंड टाकणाऱ्यावर येतो. आणि ‘माहजोंग’ म्हणण्याआधी आपल्या चौदा सोंगट्या कार्डवरच्या ओळीशी एक-एक करून ताडून पाहाव्यात. चुकीचं ‘माहजोंग’ ओरडण्यापेक्षा दहा सेकंद उशीर परवडला.

शिकायचं कसं?

पहिल्या दिवशी लगेच खेळायला न बसता एखाद्या अनुभवी बाईंच्या मागे बसून तासभर पाहावं. टेबलावर कोणतं कार्ड चालतं ते विचारावं, कारण लीगशिवाय इतरही काहीजण आपली कार्डं काढतात. स्वतःचं कार्ड घ्यावं. लीगचं मोठ्या अक्षरांतलं कार्डही मिळतं, ज्येष्ठांना ते सोयीचं. काही गटांचे आपले घरचे नियम असतात आणि दिवसाला जास्तीत जास्त किती हरायचं याची मर्यादाही ठरलेली असते. हे सगळं बसण्याआधी विचारलं की पुढे कटकट नाही.

घरी सराव करायला चार माणसं लागत नाहीत. तेरा सोंगट्या उचलायच्या, कार्ड समोर ठेवायचं आणि जवळच्या दोन ओळी शोधायच्या. मग पुन्हा मिसळून नवीन तेरा घ्यायच्या. नातवंडांना शाळेतून यायला वेळ असताना रोज असे दहा हात पाहिले तर आठवड्याभरात कार्ड डोळ्यांसमोर येऊ लागतं.

पहिल्या महिन्यात डाव लागला नाही तरी वाईट वाटून घेऊ नये. आधी हात बाद होऊ न देता डाव पुरा खेळता यायला हवा. जो मोजतो, नाव घेऊन टाकतो आणि उचलण्याआधी कार्ड पाहतो, त्याला टेबलावर पुढच्या आठवड्यालाही जागा राखून ठेवतात.